सुट्टीत स्वयंपाक कशाला? इंग्लंडच्या तळ्याकाठी लोक मुद्दाम किचनवालं घर का भाड्याने घेतात

सुट्टीवर गेलं की आपल्याकडे पहिला नियम ठरलेला असतो. घरातल्या बाईने गॅसजवळ जायचं नाही. नाश्ता हॉटेलचा, जेवण बाहेर, चहासुद्धा रूम सर्व्हिसचा. तरच ती सुट्टी.

इंग्लंडमध्ये मात्र बरीच कुटुंबं याच्या बरोब्बर उलट करतात. तळ्याकाठचं एखादं दगडी घर आठवड्यासाठी भाड्याने घेतात, घरून धारदार सुरी आणि आवडीचे मसाले सोबत नेतात आणि पोचल्यावर पहिली चौकशी करतात ती गावातल्या खाटकाचं दुकान किती वाजता बंद होतं याची. याला तिकडे म्हणतात 'सेल्फ-केटरिंग' सुट्टी.

पैसे देऊन परत भांडी आपणच घासायची, तर मग यात मजा कसली? हे समजून घ्यायचं असेल तर इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टमध्ये जावं लागेल.

सेल्फ-केटरिंग म्हणजे नेमकं काय?

घर तुमचं, चूल तुमची आणि वेळही तुमची. भाड्याने मिळतं ते अख्खं घर. त्यात शेगडी, ओव्हन, फ्रीज, भांडी, ताटं-वाट्या, चादरी असं सगळं असतं. नसतो तो फक्त स्वयंपाकी.

इंग्लंडमध्ये 'बी अँड बी' हा प्रकारही लोकप्रिय आहे. त्यात मालक झोपायला खोली आणि सकाळी नाश्ता देतो. पण नाश्ता त्याच्या वेळेला आणि त्याच्या पद्धतीचा. लहान मुलं असतील, घरात कुणाचं पथ्य असेल किंवा सात-आठ जणांचा गोतावळा असेल, तर रोज तीन वेळा बाहेर खाणं खिशाला आणि पोटाला दोन्हीला जड जातं. अशांना किचनवालं घर सोयीचं पडतं.

उन्हाळ्यात ही घरं बहुधा आठवड्याच्या हिशेबाने मिळतात. शुक्रवार किंवा शनिवारी दुपारी किल्ली घ्यायची आणि पुढच्या शुक्रवारी-शनिवारी सकाळी परत करायची. बाकीच्या महिन्यांत तीन-चार रात्रींसाठीही मिळतात. बरेच मालक पाहुण्यांसाठी दूध, पाव, लोणी, चहा आणि एखादा केक ठेवतात. तेवढ्यावर पहिली संध्याकाळ निघते. दुसऱ्या दिवसापासून तुमचं तुम्ही.

लेक डिस्ट्रिक्टच का?

हा भाग कंब्रिया परगण्यात येतो. १९५१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. इंग्लंडमधला सर्वात उंच डोंगर स्कॅफेल पाईक (९७८ मीटर) इथेच आहे. इंग्लंडचं सर्वात मोठं नैसर्गिक तळं विंडरमिअर हेही इथलंच, लांबी साधारण १७ किलोमीटर.

एक गंमत म्हणजे, 'लेक डिस्ट्रिक्ट' नाव असलं तरी इथल्या मोठ्या तळ्यांपैकी नावात 'लेक' असलेलं तळं एकच, बॅसनथ्वेट लेक. बाकीची कुणी 'मिअर', कुणी 'वॉटर'.

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ऑक्सनहोमला गाडी जाते. तिथे बदललं की छोटी गाडी थेट विंडरमिअर गावात सोडते. ही रेल्वे १८४७ साली आली. कवी वर्ड्सवर्थ इथलाच. गर्दी होईल, शांतता जाईल म्हणून त्याने रेल्वेला कडाडून विरोध केला होता. आज राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जेमतेम चाळीस हजार लोक राहतात आणि वर्षाला दीड कोटीहून जास्त वेळा पाहुणे येतात. त्याची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

पण इथे फक्त डोंगर आणि तळी बघायला येत नाहीत. खायलाही येतात. आणि इथलं खाणं असं का आहे, याचं उत्तर समोरच्या डोंगरात, तळ्यात आणि जवळच्या बंदरात सापडतं.

डोंगरातून काय येतं?

इथल्या डोंगरांवर पीक फारसं येत नाही. पाऊस भरपूर. बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण मानलं जातं. वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर पाहिलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण फरक असा की तिकडे तो बाराही महिने पडतो. अशा थंड, ओल्या, खडकाळ जमिनीवर गवत उगवतं आणि गवतावर मेंढी जगते.

ही मेंढी म्हणजे हर्डविक. कोकरू जन्मतं तेव्हा जवळजवळ काळं असतं, मग तपकिरी होतं आणि वयाबरोबर करडं. तोंड मात्र पांढरं. तिची खरी ओळख वेगळीच आहे. उघड्या डोंगरावर कुंपण नसतानाही हर्डविक आपला टापू सोडून जात नाही. कुठपर्यंत चरायचं हे कोकरू आईकडून शिकतं आणि पुढे आपल्या कोकराला शिकवतं. पिढ्यानपिढ्या हे ज्ञान कळपातच राहतं.

म्हणूनच २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली तेव्हा इथला शेतकरी हादरला. देशभरात ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि सर्वाधिक फटका कंब्रियाला बसला. दुसरीकडून मेंढ्या विकत आणता आल्या असत्या, पण डोंगर ओळखणारा कळप बाजारात मिळत नाही.

हर्डविक वाचवण्यात एका लेखिकेचा मोठा वाटा आहे. पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टी लिहिणारी बिॲट्रिक्स पॉटर. पुस्तकांच्या पैशातून तिने १९०५ साली 'हिल टॉप' ही शेतवाडी घेतली आणि पुढे हर्डविकची नावाजलेली पैदासकार झाली. १९४३ साली ती वारली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन तिने 'नॅशनल ट्रस्ट'च्या नावे केली.

आज हर्डविकच्या लोकरीला भाव फारसा नाही. कातरणीचा खर्चही अनेकदा निघत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो मुख्यतः मटणातून. २०१३ साली 'लेकलँड हर्डविक' या मटणाला भौगोलिक संरक्षण मिळालं, म्हणजे आपल्या कोल्हापुरी गुळाला जसा जीआय टॅग आहे तसंच काहीसं. त्यामुळे तळ्याकाठच्या किचनमध्ये कुणी गावच्या खाटकाकडून एक किलो हर्डविक आणतं, तेव्हा त्या पैशातला काही भाग समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या कळपापर्यंत जातो.

या मटणाचा पारंपरिक पदार्थ म्हणजे 'टॅटी पॉट'. मटण, ब्लॅक पुडिंग (डुकराच्या रक्ताचं सॉसेज), कांदा आणि वर बटाट्याच्या चकत्यांचा थर. मंद आचेवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये ठेवायचं आणि लाल कोबीच्या लोणच्याबरोबर खायचं.

बंदरातून काय आलं?

इथल्या गोड पदार्थांत आलं, जायफळ, रम आणि ब्राऊन शुगर सापडते. यातलं काहीच या डोंगरात पिकत नाही. मग आलं कुठून?

उत्तर आहे व्हाइटहेवन. कंब्रियाच्या किनाऱ्यावरचं हे बंदर अठराव्या शतकात फार भरभराटीला आलं होतं. अमेरिकेतून तंबाखू आणि कॅरेबियन बेटांवरून साखर, रम आणि मसाले इथे उतरत. ती साखर पिकवली होती आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी आणि काही काळ इथली जहाजं त्या गुलामांच्या व्यापारातही होती. कंब्रियाच्या गोडव्यामागे हा कडू इतिहास आहे.

त्या मालातून तयार झालं 'रम बटर'. लोणी, ब्राऊन शुगर, रम आणि जायफळ. बाळ जन्मलं की किंवा बारशाला ते करायची पद्धत होती. घरी करायला दहा मिनिटं पुरतात.

ग्रासमिअर गावात सारा नेल्सन या बाईंनी १८५४ साली जिंजरब्रेड करून विकायला सुरुवात केली. ना धड बिस्किट, ना धड केक, असा भुसभुशीत प्रकार. चर्चजवळच्या ज्या इवल्याशा घरात तो विकला जातो, ती कधीकाळी गावची शाळा होती. कृती आजही गुपित आहे, त्यामुळे हा मात्र विकतच घ्यायचा. वर्ड्सवर्थची कबर अगदी शेजारी, चर्चच्या आवारात.

तळ्यातून आणि खाडीतून काय मिळतं?

विंडरमिअरमध्ये आर्क्टिक चार नावाचा मासा आहे. हिमयुग संपलं, बर्फ वितळलं आणि हा थंड पाण्यातला मासा इथल्या खोल तळ्यांत अडकून राहिला. एकेकाळी शिजवलेला चार मसाले आणि लोण्यात घालून चिनी मातीच्या भांड्यांतून लांबवर पाठवला जायचा. त्या भांड्यांवर माशांची चित्रं असत. आज चारची संख्या बरीच घटली आहे. त्यामुळे गोष्ट ऐकावी, पण ताटात तो हवाच असा हट्ट धरू नये.

त्याऐवजी दक्षिणेला मोरकँबच्या उपसागरातली छोटी तपकिरी कोळंबी घ्यावी. जायपत्री-जायफळ घातलेल्या लोण्यात ती मुरवलेली असते. टोस्ट गरम करायचा आणि त्यावर ती वितळू द्यायची. स्वयंपाक एवढाच.

तळ्यात गळ टाकायचा असेल तर १३ वर्षांवरील प्रत्येकाला परवाना लागतो. १३ ते १६ वयोगटाला तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच.

आणखी काय चाखायचं?

* कंबरलँड सॉसेज: डुकराच्या जाडसर कुटलेल्या मांसाचं, मिरी घातलेलं, जिलबीसारखं गोल गुंडाळलेलं सॉसेज. पूर्वी ते वजनावर नाही, लांबीवर विकलं जायचं. २०११ साली 'ट्रॅडिशनल कंबरलँड सॉसेज' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या नावाने विकायचं तर किमान ८० टक्के मांस असावं लागतं.
* स्टिकी टॉफी पुडिंग: खजुराचा मऊ केक आणि वर लोणी, साखर, क्रीमचा गरम सॉस. अल्सवॉटर तळ्याकाठच्या 'शॅरो बे' हॉटेलने १९७० च्या दशकात ते प्रसिद्ध केलं. मूळ शोध कुणाचा यावर वाद आहे. कार्टमेल गावचं तयार पुडिंगही नावाजलेलं आहे.
* डॅमसन: लिथ खोऱ्यातलं छोटं, आंबट, जांभळं फळ. एप्रिलमध्ये झाडं पांढऱ्या फुलांनी भरतात आणि सप्टेंबरमध्ये फळ येतं. कच्चं खाल्लं तर तोंड वाकडं होतं, जॅम मात्र अप्रतिम.
* केंडल मिंट केक: नाव केक, पण आहे पुदिन्याच्या स्वादाची साखरेची वडी. १९५३ साली हिलरी आणि तेनझिंग यांच्या एव्हरेस्ट मोहिमेवर ती नेली होती. डोंगर चढताना खिशात ठेवतात.

एखादा दिवस बाहेर जेवायचं असेल तर कार्टमेलमधलं सायमन रोगन यांचं 'लाँक्लूम' आहे. २०२२ साली त्याला तिसरा मिशेलिन स्टार मिळाला. तीन स्टार मिळवणारं ते उत्तर इंग्लंडमधलं पहिलं रेस्टॉरंट. अर्थात तिथलं टेबल महिनोन् महिने आधी ठरवावं लागतं आणि बिलही तसंच येतं.

आठवड्याचा स्वयंपाक कसा आखायचा?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शहरातल्या सुपरमार्केटमधून आठवड्याचं सगळं सामान भरून नेणं. मग तळ्याकाठी राहूनही खाणं शहरातलंच. चहा, तेल, तांदूळ, डाळ सोबत न्यावी. मटण, अंडी, भाजी, चीज, पाव तिथे घ्यावा.

केझिकमध्ये गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो. विंडरमिअर स्टेशनला लागूनच 'बूथ्स' हे उत्तर इंग्लंडमधलं जुनं सुपरमार्केट आहे, तिथे आसपासच्या भागातला माल चांगला मिळतो. गाडी नसेल तर केंडल, विंडरमिअर, ग्रासमिअर आणि केझिक जोडणारी ५५५ नंबरची बस कामाला येते. रस्त्याच्या कडेला शेतकरी अंडी आणि जॅमच्या बाटल्या ठेवतात. शेजारी पैशांचा डबा, राखण करायला कुणी नाही. त्यासाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत.

वेळेचं भान मात्र ठेवावं लागतं. गावातली छोटी दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचलाच बंद होतात. रविवारी मोठ्या दुकानांना कायद्याने सहाच तास उघडं राहता येतं.

साधा हिशेब असा ठेवता येतो. पोचल्या दिवशी सॉसेज ओव्हनमध्ये आणि सोबत कुस्करलेला बटाटा. डोंगर चढायच्या दिवशी सँडविच आणि जिंजरब्रेड. पाऊस लागेल त्या दिवशी टॅटी पॉट, कारण त्या दिवशी घरात बसायला निमित्त हवंच असतं. एक दिवस पुडिंगचा. शेवटच्या रात्री फ्रीजमध्ये उरेल त्याचं ऑम्लेट.

शाकाहारी असाल तरी अडत नाही. नवे बटाटे, मशरूम, चीज, स्कोन आणि डॅमसन जॅमवर आठवडा मजेत जातो. स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये अंडं असतं, एवढं लक्षात ठेवावं.

मराठी घरासाठी चार गोष्टी

पहिली, फोडणी. या घरांत धुराचा अलार्म असतोच. मोहरी-मिरचीची खमंग फोडणी बसली की तो बोंबलतो. खिडकी उघडायची, पंखा लावायचा आणि आच जरा कमी ठेवायची.

दुसरी, कुकर. बऱ्याच घरांत इंडक्शन शेगडी असते. साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही. आधी मालकाला विचारून घ्यावं.

तिसरी, सामान. भारतातून ब्रिटनमध्ये जाताना मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ बॅगेतून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, पनीर, तूप घरीच ठेवायचं. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला असे कोरडे मसाले चालतात. हर्डविकच्या मटणाला चव दाट असते, त्यामुळे त्याचा रस्साही झकास होतो. फक्त शिजायला वेळ द्यावा लागतो.

चौथी, कोकरं. एप्रिल-मेमध्ये डोंगरावर कोकरं बागडताना दिसतात, म्हणून ताजं हर्डविक तेव्हाच मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात हा सावकाश वाढणारा वाण आहे. त्या वर्षीच्या कोकराचं मटण मिळायला शरद ऋतू उजाडतो.

सिंकमधलं पाणी जातं कुठे?

आता या सुट्टीची दुसरी बाजू.

विंडरमिअरमध्ये उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं. त्यातला काही प्रकार विषारी असतो, कुत्र्यांच्या तर जिवावर बेततो. शेवाळाला खतपाणी मिळतं ते फॉस्फरसचं. तो येतो सांडपाण्यातून, शेतांतून आणि घरांच्या सेप्टिक टाक्यांतून. तळ्याकाठची बरीच घरं गटाराच्या मुख्य लाइनला जोडलेली नाहीत, त्यांची स्वतःची सेप्टिक टाकी असते. त्या टाकीत तेल-तूप गेलं की ती नीट काम करत नाही आणि घाण शेवटी तळ्याच्या दिशेने जाते. म्हणजे ज्या पाण्याकडे बघत सॉसेज खाल्लं, त्याच पाण्यात कढईतली चरबी.

उपाय सोपा आहे. तव्यावरचं तेल थंड करून कागदाने पुसायचं आणि कचऱ्यात टाकायचं. फॉस्फेट नसलेला साबण वापरायचा. कोरड्या गवतावर वापरून फेकायचे बार्बेक्यू पेटवायचे नाहीत, त्यातून डोंगरांना आगी लागतात.

दुसरा प्रश्न घरांचाच आहे. सुट्टीसाठी भाड्याने जाणारं प्रत्येक घर कधीतरी गावातल्या कुणाचं राहतं घर होतं किंवा होऊ शकलं असतं. घरांच्या किमती चढल्या, तरुण बाहेर पडले आणि काही गावांत हिवाळ्यात खिडक्यांमधून उजेडच दिसत नाही. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावायची मुभा मिळाली आहे. पण पाहुणेच आले नाहीत तर खाटकाचं दुकान, बेकरी आणि बसही टिकणार नाही. गावाला पाहुणे हवेत आणि शेजारीही हवेत, पेच आहे तो असा.

त्यामुळे पाहुणा पैसे कुठे खर्च करतो याला महत्त्व येतं. बाहेरून सामान भरून आणलेल्या घराचं भाडं मालकाला मिळतं, गावाला थोडंच. तेच सामान गावात घेतलं तर दुकान हिवाळ्यातही उघडं राहण्याची शक्यता वाढते.

कधी जावं?

जुलैअखेर ते ऑगस्ट शाळांना सुट्टी असते, तेव्हा घरं महाग आणि रस्ते तुंबलेले. एप्रिलमध्ये डॅमसनचा बहर आणि कोकरं. सप्टेंबरमध्ये डॅमसन, ब्लॅकबेरी आणि जरा कमी गर्दी. खाण्यासाठी जायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

तर, सुट्टीत स्वयंपाक कशाला? कारण हॉटेलात ताट समोर येतं आणि संपतं. किचन असलं की अंडी कुठली, मटण कुणाचं, जायफळ कसं आलं आणि खरकटं पाणी कुठे जातं, हे सगळं कळत जातं. फक्त एक अट पाळावी. स्वयंपाकाची पाळी घरातल्या सगळ्यांची असावी. नाहीतर एका बाईसाठी तो नुसता जागा बदललेला ओटा ठरेल.